शिकाऊ उमेदवाराचा मार्च

चाकणला पहिल्या पाळीची कंपनीची बस पहाटे पावणेसहाला चौकात येते. २०२५ मध्ये २ मार्चला पहिला रोजा झाला, तेव्हा सहरीची वेळ संपत होती साडेपाच वाजून काही मिनिटांनी. म्हणजे पाण्याचा शेवटचा घोट, फजरची नमाज, सेफ्टी शूजच्या नाड्या आणि चौकापर्यंतची धाव हे सगळं दहा-बारा मिनिटांत. बसमध्ये बसल्याबरोबर बाकीची पोरं माना टाकतात. हा मात्र टक्क जागा. डोळा लागला की उतरताना अंग जड होतं आणि मग पहिला तास वाया जातो, असं त्याचं म्हणणं.

वय २१, मेकॅनिकलचा डिप्लोमा, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. नाव छापू नका म्हणतो, कारण करार जुलैअखेरपर्यंतचा आहे आणि पुढचं काही ठरलेलं नाही. कार बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात तो गेल्या ऑगस्टपासून शिकाऊ उमेदवार आहे. त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी कायम कामगारांच्या दोरीपेक्षा वेगळ्या रंगाची. लाइनवर माणसाचं नाव नंतर कळतं, दोरीचा रंग आधी.

गावात मोहल्ल्यात मात्र बातमी पोचली ती ‘पोरगा कार कंपनीत लागला’ अशी. ‘लागला’ या शब्दात आपल्याकडे फार काही येतं. पगार, पीएफ, दिवाळीचा बोनस, आणि पाठोपाठ सोयरिकीची विचारणा. शिकाऊ उमेदवाराला यातलं जवळपास काहीच लागू नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा स्पष्ट सांगतो, की हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. म्हणून कामगार कायदे त्याला सर्वसाधारणपणे लागू नाहीत. पीएफ नाही, बोनस नाही. जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, विद्यावेतन म्हणतात. २०१९ च्या नियमांनी त्याची किमान रक्कम ठरली ती अशी : आयटीआयवाल्याला महिना ७ हजार, डिप्लोमावाल्याला ८ हजार, पदवीधराला ९ हजार. कंपन्या वर भर घालतात, याची कंपनीही घालते. तरी खोलीभाडं, मेस आणि मोबाइल वजा जाता घरी पाठवायला उरतं ते मोजताना फार वेळ लागत नाही.

कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती पोरांना कुणी सांगत नाही. कामगार नसला तरी आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाची कलमं शिकाऊला कामगारासारखीच लागू आहेत. पिण्याचं पाणी, यंत्राला जाळी, कॅन्टीन, विश्रांतीची जागा, सगळं. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. ओव्हरटाइम परवानगीशिवाय नाही. कारखान्यात जे सण-सुट्ट्या पाळले जातात ते त्यालाही. आणि वर्ष संपल्यावर? करारात तसं लिहिलेलं नसेल तर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही आणि दिली तर घेण्याचं बंधन शिकाऊवर नाही. वाचायला हे वाक्य दोन्ही बाजूंना सारखं वाटतं. चाकणच्या चौकात उभं राहिलं की ते किती सारखं आहे ते कळतं. लातूर, बीड, बुलढाणा, नांदेड, सगळीकडून डिप्लोमा झालेली पोरं तिथं पाठीला सॅक लावून उतरत असतात.

तीसपेक्षा कमी माणसं असलेल्या कारखान्याला शिकाऊ घेणं ऐच्छिक आहे, तीस किंवा जास्त असतील तर सक्तीचं. कंत्राटी धरून जेवढी माणसं, त्यांच्या अडीच ते पंधरा टक्के. कायदा मुळात आयटीआयच्या फिटर-टर्नरसाठी झाला. पदवी-डिप्लोमावाले १९७३ च्या दुरुस्तीने आत आले. हेतू चांगलाच होता. कॉलेजात इंजिन भिंतीवरच्या तक्त्यात असतं, ते हातात यावं, एवढाच.

आता या पोराच्या हातात ते आधीच आलेलं होतं, ही वेगळी गोष्ट.

त्याच्या अब्बांचं हायवेलगत गॅरेज आहे. पत्र्याची शेड, समोर लिंबाचं झाड, एक खड्डा, ज्यात उतरून गाडीच्या पोटाखालचं काम करतात. अब्बा स्वतः दहाव्या वर्षी अशाच एका गॅरेजात शिकायला राहिले होते. राहिले म्हणजे खरोखर राहिले. उस्तादांच्या घरचं जेवण, गॅरेजात झोप, ईदला एक जोडी कपडे. पहिलं वर्ष रॉकेलमध्ये सुटे भाग धुण्यात गेलं, दुसरं वर्ष पाने हातात देण्यात. ‘दहा-अकरा’, ‘बारा-तेरा’, ‘चौदा-पंधरा’ अशी हाक आली की पान्यांच्या ढिगातून तोच पाना, न बघता, उस्तादांच्या हातात पडला पाहिजे. चुकला तर तोच पाना डोक्याकडे येई. नट कसायची परवानगी तिसऱ्या वर्षी. कागद कुठलाच नाही. आपल्या गावोगावच्या गॅरेजांत, वेल्डिंगच्या दुकानांत, रेडिएटर दुरुस्त करणाऱ्यांकडे मुसलमान पोरांची एक अख्खी पिढी अशी शिकली. तिला शाळेने सोडलं होतं आणि उस्तादाने धरलं. त्या शिकण्यात मार होता, फुकट राबणूक होती, हे विसरून त्याचे गोडवे गाऊ नयेत. पण तिथं शिकवणारा माणूस समोर होता, हेही खरं.

अब्बांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाला लावली, की कुठला टॅपेट वाजतोय ते कळतं. २०२० च्या एप्रिलपासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या आणि कानाचं काम कमी झालं. बॉनेट उघडण्याआधी स्कॅनर जोडायचा, तो सांगेल तो कोड वाचायचा. स्कॅनर अब्बांनी घेतला, तो चालवतो धाकटा मुलगा. गिऱ्हाईक मात्र पाच वर्षं वॉरंटीत राहायला लागलं आणि शेडखाली आता जास्त करून जुन्या जीपा आणि टेम्पो येतात. थोरल्याला पॉलिटेक्निकला घातला तो हे बघूनच. गॅरेजात तिसरा हात लागतच नव्हता.

कारखान्यात पोरगा सगळ्यांत आधी प्रेस शॉपला होता. पोलादी पत्र्याचं भलंमोठं गुंडाळं येतं, त्याचे तुकडे पडतात, आणि एकामागे एक उभ्या असलेल्या प्रेसमधून दाराचा, छताचा, बॉनेटचा आकार घेत जातात. त्याला तिथं शिकवलं गेलं ते तयार पॅनेलवरून पंजा फिरवायला. हातमोजा घालून, हलक्या हाताने, एका दिशेनं. डोळ्याला न दिसणारी लहर पंजाला लागते. रंग चढल्यावर तीच उन्हात चमकून दिसते आणि शोरूममध्ये गिऱ्हाईक नाक मुरडतं. त्याला हे काम एका आठवड्यात जमलं. पत्रा हाताने वाचायची सवय डेंटिंगच्या ठोकाठोकीतून आली होती. घरी फोनवर सांगितलं तर अब्बा हसले म्हणे.

मग बॉडी शॉप. एका कारच्या सांगाड्यात काही हजार स्पॉट वेल्ड असतात. तांब्याची दोन टोकं पत्र्याचे थर चिमटीत धरतात, हजारो अँपिअरचा प्रवाह क्षणभर सोडतात, आणि आत एक ठिपका वितळून पत्रे एकजीव होतात. बहुतेक काम रोबो करतात. माणसाचं काम ते नीट झालंय का हे बघायचं. दोन ठिपक्यांच्या मध्ये छिन्नी घालून ठोकायची, पत्रा उसवला नाही तर ठीक. ठरावीक दिवसांनी एक अख्खा सांगाडा उकलून, ठिपका ठिपका फाडून तपासतात. चांगली गाडी मुद्दाम मोडायची हे बघून तो पहिल्या दिवशी हबकला होता. गॅरेजात जे मोडलेलं येतं ते जोडतात.

डिसेंबरात तो असेम्ब्लीला गेला आणि तिथंच अडकला.

असेम्ब्लीची लाइन म्हणजे सरकता पट्टा. गाडी थांबत नाही, माणसाने तिच्याबरोबर दोन पावलं चालायचं, आपलं काम करायचं आणि मागे येऊन पुढची धरायची. वरून सांगाडा उतरतो, खालून इंजिन आणि ॲक्सल चढतात आणि दोन्ही जोडली जातात, त्या जागेला कारखान्यांत मॅरेज स्टेशन म्हणतात. आपली माणसं सरळ ‘लग्न’ म्हणतात. ‘आज पाळीत किती लग्नं लागली’ असा प्रश्न तिथं चारचौघांत विचारला जातो. या पोराचं स्टेशन लग्नानंतर थोडं पुढे. खालच्या बाजूचे चार बोल्ट, बॅटरीवर किंवा विजेवर चालणाऱ्या बंदुकीने कसायचे. किती कसायचे ते बंदुकीलाच ठाऊक असतं. न्यूटन-मीटरचा आकडा पूर्ण झाला की हिरवा दिवा, कमी-जास्त झाला की लाल, आणि लाल असताना गाडी पुढे सोडायची नाही. कसून झालं की प्रत्येक बोल्टवर पेनने रंगाची रेघ. अब्बांच्या मनगटात जे तीस वर्षांनी आलं ते इथं दिव्यात आहे.

मग शिकायचं काय उरतं? हाच खरा सवाल. पहिल्या आठवड्यात बंदूक, दुसऱ्या आठवड्यात वेग, तिसऱ्यात बोल्टची आटी बसताना चुकीची धरली की आवाज कसा बदलतो ते. त्यानंतर रोज तेच. नियमाप्रमाणे दर दोन महिन्यांनी त्याचं शॉप बदलायचं होतं. प्रशिक्षणाच्या तक्त्यावर तसं छापलेलंही आहे. पण फेब्रुवारी संपला तरी तो त्याच चार बोल्टांवर होता. लाइनवर माणूस कमी होता आणि याचा हात बसला होता. कागदावर शिकाऊ आणि पट्ट्यावर मोजणीतला एक हात, ही गोष्ट एका कारखान्याची नाही. औद्योगिक पट्ट्यात ती इतकी सवयीची झाली आहे की पोरांना त्यात काही चुकतंय असंच वाटत नाही. उलट हात मोजणीत आला म्हणजे नोकरी पक्की होईल अशी आशा वाटते.

रमजान आला तो या काळात.

तीन पाळ्यांपैकी तिसरी शिकाऊंना इथं देत नाहीत. उरलेल्या दोन्हींत रोजाचं गणित वेगळं. पहिली पाळी साडेसहा ते तीन. इफ्तार खोलीवर किंवा मशिदीत निवांत मिळतो, पण तरावीहची नमाज संपवून झोपायला अकरा आणि सहरीला उठायला साडेचार. दुसरी पाळी तीन ते साडेअकरा. तिच्यात सकाळी झोप होते, शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून पाळीला जाता येतं, पण रोजा सोडायची वेळ पावणेसातची आणि जेवणाची सुट्टी साडेसातची. लाइनवर खायला परवानगी नाही. आणि पट्टा कुणाच्या सूर्यास्तासाठी थांबत नाही.

चौथ्या रोजाला, दुसऱ्या पाळीत, शेजारच्या स्टेशनवरच्या काकांच्या लक्षात आलं की पोरगा बोल्ट घेताना डब्यात दोनदा हात घालतोय. काका कायम कामगार, पंचविशी ओलांडलेली नोकरी, स्वतः श्रावणी सोमवार आणि चतुर्थी कडक धरणारे. त्यांनी टीम लीडरला खूण केली. लीडरने बंदूक घेतली आणि काका त्याला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, “उपास असो का रोजा, पाना निसटला तर पायावर सारखाच पडतो. सांगायचं असतं.”

त्याने सांगितलं नव्हतं. सांगितलं तर सवलत मागतोय असं वाटेल, आणि दोरीच्या रंगावर सवलत शोभत नाही, असं त्याच्या डोक्यात होतं. पाळीच्या सुरुवातीला सगळ्यांना उभं करून पाच मिनिटं सुरक्षेचं बोलतात. कुणाला बरं नाही, कुणी औषध घेतलंय, असं विचारतात. दुसऱ्या दिवशी तिथं त्याने हात वर केला. त्या लाइनवर रोजा धरणारे आणखी दोघे कंत्राटी निघाले, तेही गप्प होते. मग व्यवस्था लागली ती साधी. सातला वीस कमी असताना लीडर किंवा काका त्याच्या जागी उभे राहतात. तो पाण्याच्या कूलरपाशी जातो, खिशातला खजूर तोंडात टाकतो, दोन ग्लास पाणी पितो, मगरिबचे तीन रकात फर्ज कपाटांच्या मागच्या कोपऱ्यात पढतो आणि परत येतो. सगळी मिळून सात-आठ मिनिटं. त्यासाठी कुठलाही अर्ज करावा लागला नाही. आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलायची मुभा आहे, तशी अंगाला झेपेना तर तू घे, असं अम्मीचं फोनवर रोजचं टुमणं. तो म्हणतो अजून तशी वेळ आली नाही. मेसच्या मावशी रात्रीच पोळ्या आणि उसळ बांधून देतात. खोलीवरचे तिघे, एक बीडचा, दोघे परभणीकडचे, सहरीच्या गजराला शिव्या घालून पुन्हा झोपतात.

त्या चौथ्या रोजाचा दुसरा परिणाम मोठा होता. जेवणाच्या सुट्टीत काकांनी त्याची डायरी मागितली. शिकाऊ उमेदवाराने रोज काय शिकलो ते लिहायचं असतं आणि वरिष्ठाची सही घ्यायची असते. डिसेंबरपासून प्रत्येक पानावर जवळपास एकच ओळ होती, फक्त गाड्यांचा आकडा बदलत गेलेला. काकांनी पानं उलटली आणि विचारलं, की ही वही जुलैत मुलाखतीला दाखवणार का. वर्ष संपल्यावर मुंबईच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळाकडून प्रमाणपत्र मिळतं, ते सगळ्यांचं सारखं. फरक पडतो तो समोरचा माणूस ‘सांग बघू काय काय केलंस’ म्हणतो तेव्हा.

पेच सोपा नव्हता. स्टेशनवर राहिला तर लाइनला हवाहवासा हात, जुलैनंतर निदान कंत्राटावर तरी ठेवतील. बदली मागितली तर ज्या लीडरने इफ्तारला बंदूक धरली त्याचाच माणूस कमी होणार, तोही मार्च महिन्यात. मार्च कार कारखान्यात कसा असतो हे बाहेर फारसं माहीत नाही. आर्थिक वर्ष संपत येतं, आकडा गाठायचा असतो. त्यात गुढीपाडवा ३० तारखेला. पाडव्याला दारात नवी गाडी उभी करायची, तिला हार घालायचा, ही आपल्याकडची हौस, आणि त्या दिवशी दारात हवी तर आधी काही आठवडे ती लाइनवरून उतरायला हवी. पाडव्याच्या गाड्यांचे चार चार बोल्ट या पोराने रोजात कसलेले आहेत.

त्याने अब्बांना विचारलं. अब्बांचं उत्तर त्यांच्या काळातलं होतं : उस्ताद जोवर पुढचा पाना देत नाही तोवर मागायचा नाही. काकांचं उलट : इथं उस्ताद नाही, तक्ता आहे, आणि तक्ता मागितल्याशिवाय हलत नाही. दोन दिवस तो दोघांमध्ये लोंबकळला. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षण विभागात गेला. तक्रार नाही केली, छापील तक्त्याची प्रत पुढे ठेवली आणि पेंट शॉप कधी ते विचारलं. लीडर दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी मात्र जाता जाता त्याला बाजूला घेऊन, बंदुकीचा आकडा कुठून ठरतो, तो कोण तपासतं, हे न विचारता समजावलं. डायरीत त्या दिवशीचं पान भरून मजकूर आहे.

धुळवडीनंतरच्या सोमवारपासून तो पेंट शॉपला आहे. तिथला पहिला धडा त्याला वेगळाच मिळाला. अंगाला कसलाही वास नको. डिओ नको, केसांना जेल नको, क्रीम नको. अशा वस्तूंत सिलिकॉन असतं आणि त्याचा कण हवेतून ओल्या रंगावर बसला तर तिथून रंग बाजूला सरकतो, नाण्याएवढा नव्हे, मोहरीएवढा खड्डा पडतो, आणि अख्खं पॅनेल पुन्हा घासावं लागतं. जुम्म्याला लावायची अत्तराची कुपी त्याने खोलीवर ठेवून दिली. अत्तरात सिलिकॉन नसतं, असं त्याने सांगून पाहिलं. तिथले साहेब म्हणाले, नसेलही, पण दारावरचा माणूस वास घेतो, बाटलीवरची यादी वाचत नाही. सांगाडा आधी रसायनात आणि मग विजेच्या भाराने चिकटणाऱ्या रंगाच्या हौदात बुडवतात. दाराच्या आतल्या पोकळीतसुद्धा तो पोचतो, म्हणून गंज लागत नाही. मग पावणेदोनशे अंशांच्या आसपासची भट्टी. भट्टीच्या तोंडाशी उभं राहायची पाळी रोजा असणाऱ्यांना दुपारनंतर देत नाहीत, आणि हे त्याला इथं सांगावं लागलं नाही. निरोप आधीच पोचला होता.

विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत जमा होतं. म्हणजे ईदचा खर्च फेब्रुवारीच्या पैशातून. अम्मीला साडी, धाकट्याला बूट, अब्बांसाठी मात्र कपडा नाही. त्यांच्यासाठी त्याने आकडा लावता येणारा टॉर्क पाना बघून ठेवलाय, हाताने चालणारा, ठरलेला कस लागला की ‘टक्’ असा आवाज करणारा. अब्बा त्याच्यावर हसतील याची त्याला खात्री आहे. चाकाचे नट त्याने कसतील की नाही, याची नाही.

चंद्र २९ व्या रोजाला दिसला तर ईद ३१ मार्चला, सोमवारी, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आणि आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी. पेंट शॉपचा त्या आठवड्याचा पाळीतक्ता शुक्रवारी २८ ला लागणार आहे. काकांनी असेम्ब्लीतून निरोप पाठवलाय, पाडवा घरी झाला की सोमवारी ते मोकळेच आहेत, पण पेंट शॉपला त्यांचा काही उपयोग नाही. तिथं बदली माणूस त्याला स्वतःलाच शोधायचा आहे. दोघांना विचारून झालंय. एकाने ‘बघू’ म्हटलंय.